आठ नंबरचा गुडघा

बाबांना राष्ट्राध्यक्ष केलं ते निव्वळ त्यांच्या उंचीमुळे.

आमच्या सभागृहात नऊ देशांच्या प्रमुखांची बैठक भरणार होती. एवढी मोठी माणसं येणार म्हटल्यावर आधी तालीम घ्यावी लागते. कुठली गाडी कुठे थांबणार, कोण कुणाच्या मागून चालणार, फोटोत कुणाचं डोकं कुणाच्या खांद्याआड जाणार, हे सगळं करून पाहतात. खरे नेते तालमीला थोडेच येतात? म्हणून त्यांच्या उंचीची, त्यांच्या अंगकाठीची साधी माणसं आणून त्यांच्या जागी चालवतात. त्यांना आम्ही ‘बदली’ म्हणायचो. नावं घ्यायची नाहीत असा दंडक असल्यामुळे प्रत्येकाला एकेक नंबर दिला होता.

आठ नंबरचे राष्ट्राध्यक्ष ताडमाड उंच. तेवढ्या उंचीचा, केस पिकलेला, सावकाश चालणारा माणूस शिष्टाचार विभागाच्या बाईंना काही केल्या मिळेना. सगळे त्यांना शिष्टाचारबाई म्हणत. त्या घाईत असत आणि त्यांची घाई सांसर्गिक होती. एका दुपारी त्या माझ्या खोलीत येऊन धपकन बसल्या आणि म्हणाल्या, “सगळी बुटकी माणसं माझ्याच नशिबी आली आहेत का हो?”

“माझे बाबा आहेत उंच,” मी म्हणाले. “चालतातही सावकाश. गुडघा बदललाय.”

बाबा आयुष्यभर घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरले होते. निवृत्त झाल्यापासून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, भाजी कशी चिरावी हे आईला सांगत. मी घरी विषय काढला तेव्हा आईने मला अक्षरशः हात जोडले.

“ने बाई त्यांना. राष्ट्राध्यक्ष कर, सम्राट कर, काय वाटेल ते कर. फक्त दुपारच्या आत परत पाठवू नकोस.”

बाबांनी ते काम फारच मनावर घेतलं. आरशासमोर उभं राहून मान किती लववायची याचा सराव सुरू झाला. कमी लववली तर उद्धट दिसतं, जास्त लववली तर गरजू दिसतं, असं त्यांचं मत. त्यांनी ठेवणीतला कोट काढला. आई म्हणाली, “लग्नात एवढा भाव खाल्ला नव्हता.”

माझं काम वेगळं. मी पदार्थविज्ञान शिकले आणि फिरत फिरत सभागृहाच्या सुरक्षा विभागात येऊन पोचले. माणसं ज्यातून चालत आत येतात त्या मेटल डिटेक्टरच्या चौकटी माझ्या ताब्यात होत्या. हे यंत्र दिसायला बावळट, पण त्याला सांभाळावं लागतं. संवेदनशीलता वाढवली तर पट्ट्याच्या बकलालाही ते कोकलतं आणि रांग रस्त्यापर्यंत जाते. कमी केली तर नको ते निमूटपणे आत सोडतं. आतल्या दाराची चौकट मी फार निगुतीने बसवली होती. जवळच्या लोखंडी जिन्याचा परिणाम, फरशीखालच्या तारांचा परिणाम, सगळं वजा करून. कंबरेपाशी लपवलेली छोटी सुरी आणि खिशातली किल्ली यांतला फरक तिला कळत होता. मला त्या चौकटीचा अभिमान होता, हे सांगायला हरकत नाही.

आणि तालमीच्या पहिल्याच फेरीत ती बाबांना पाहून कोकलली.

खऱ्या नेत्यांना चौकटीतून जावं लागणार नव्हतं, त्यांची वाट बाजूने होती. पण बदली माणसं म्हणजे तुमच्याआमच्यासारखी. त्यांनी चौकटीतूनच यायचं असा नियम होता. बाबांच्या गुडघ्यात धातूचा सांधा. तेव्हा चौकट वाजणार, गार्ड त्यांना बाजूला घेणार, हातातल्या यंत्राने डोक्यापासून पायापर्यंत तपासणार. पहिल्या फेरीत तसंच झालं. दुसऱ्या फेरीतही झालं. तोवर सात नंबर पुढे निघून जाई, नऊ नंबर मागे खोळंबे आणि शिष्टाचारबाईंच्या मिरवणुकीला मधेच भगदाड पडे.

“अहो, यांच्या गुडघ्यापायी माझी रांग मोडतेय!” त्या ओरडल्या.

आतल्या दाराच्या गार्डने माझ्याकडे पाहिलं. भल्या मोठ्या मिशांचा, नेमस्त माणूस. “मॅडम, दर वेळी बाजूला घेऊ का?”

मी म्हणाले, “त्यांचा गुडघा आहे, वाजणारच. तालमीपुरतं राहू दे.”

त्यानंतर बाबा किती वेळा त्या चौकटीतून गेले असतील. दर वेळी ती वाजायची, मिशीवाला हसून सलाम ठोकायचा आणि मागच्या गार्डला सांगायचा, “गुडघा!” मग मागचाही सांगायचा, “गुडघा!” बाबा मान लववून पुढे. पुढेपुढे तर चौकट वाजायच्या आधीच सलाम व्हायला लागला. एकीकडे शिष्टाचारबाई रोज काहीतरी नवीन काढायच्या. अमक्याला परत बोलवा, तमक्याची खुर्ची बदला, बदली माणसांना आत्ताच्या आत्ता हजर करा. बिचाऱ्या गार्डनी विचारायचंच सोडून दिलं. नंबर ओळखीचा दिसला की दार उघडायचं, ही सवय लागून गेली.

तालमी संपल्या तेव्हा बदली माणसांचे पास जमा करून घेतले. बाबांनी पास गळ्यातून काढताना एवढा वेळ लावला की मला हसू आलं.

“राष्ट्राध्यक्षपद सोडवत नाही वाटतं?”

“तसं नाही गं. पण एकदा मुजऱ्याची सवय लागली की तो नसला तर चुकल्यासारखं वाटतं.”

त्यांना तसाही वेळ नव्हता. परदेशी राहणाऱ्या माझ्या ताईचे दिवस भरत आले होते आणि बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आईबाबांचं विमान होतं. आईने कधी एकटीने शेजारच्या गावचाही प्रवास केला नव्हता. विमानतळ, रांगा, सरकते जिने, सगळं बाबा सांभाळणार आणि ती त्यांच्या कोटाची बाही धरून चालणार, असं ठरलेलं. ताईला पहिल्या खेपेला फार त्रास झाला होता. तेव्हा बाबा रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून होते. या वेळी फोनवर तिने एवढंच विचारलं होतं, “बाबा येताहेत ना?”

बैठकीचा दिवस उजाडला. मी पहाटेच निघून गेले होते. सकाळी सगळ्या गार्डना एकत्र उभं करून आमच्या साहेबांनी नियम पुन्हा सांगितले. साहेब म्हणजे सुरक्षा विभागाचे प्रमुख. जितके रागावतील तितका त्यांचा आवाज खाली जायचा. त्यामुळे ते हळू बोलायला लागले की सगळ्यांचे कान टवकारायचे. त्या सकाळी ते जेमतेम ऐकू येत होते.

“आतल्या भागात पासाशिवाय कुणीही सापडलं, कुणीही, तरी त्याला तपास विभागाच्या हवाली करायचं. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याचा पासपोर्ट त्यांच्याकडे. शहर सोडायचं नाही. ओळख, वशिला, दया, काही चालणार नाही.”

आम्ही माना डोलावल्या. या नियमाचा आपल्या घराशी काही संबंध येईल असं कुणाला वाटतं?

नेते यायला थोडा अवकाश होता. मी कॅमेऱ्यांच्या खोलीत गेले. तिथे भिंतभर पडदे लावलेले असतात आणि त्यांच्यासमोर एक जण दिवसभर अंधारात बसतो. वाटोळे डोळे, मान गर्रकन फिरवण्याची लकब, यामुळे त्याला सगळे घुबड म्हणत. त्यालाही ते आवडत असे. मी चष्मा घरी विसरले होते, त्यामुळे पडद्यांवरची माणसं मला पाण्यातून पाहिल्यासारखी दिसत होती.

“ये शास्त्रज्ञबाई,” घुबड म्हणाला. “बघ, आठ नंबर लवकर आले. विश्रामकक्षात कॉफी पिताहेत.”

“कसे आले? गाड्या तर अजून निघाल्याच नाहीत.”

“आता ते मला काय विचारतेस? बसलेत खरे. माणूस मोठा साधा दिसतो हं. कापडी पिशवी घेऊन आलाय.”

मी पडद्याला नाक लावलं. ताडमाड उंच, पिकलेले केस, ठेवणीतला कोट. मांडीवर निळ्या काठाची पिशवी. ती पिशवी आमच्या घरी फ्रिजशेजारच्या खुंटीला असते.

“हे आठ नंबर नाहीत,” मी म्हणाले.

“मग कोण?”

“बाबा.”

घुबडाची मान गर्रकन माझ्याकडे वळली. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. “अरे देवा,” तो म्हणाला आणि उठून त्याने खोलीचं दार लावून घेतलं.

“ऐक,” तो कुजबुजला. “अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. कॉफी देणारी मुलगी आजच आलीय, तिला ते खरेच वाटताहेत. तू मागच्या जिन्याने त्यांना काढ. मी तेवढ्यात तो कॅमेरा पुसायला घेतो. काच फार मळलीय त्याची.”

“आणि मग?”

“मग काय मग? उद्या विमानात बसतील. नातवंडाला मांडीवर घेतील. पळ!”

मी पळाले.

विश्रामकक्षात नऊ खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या होत्या. आठव्या खुर्चीवर बाबा टेकून बसले होते आणि शेजारी ती नवी मुलगी ट्रे घेऊन अवघडून उभी होती. मला पाहताच बाबांचा चेहरा फुलला.

“आलीस? किती शोधायचं गं तुला!”

मी त्या मुलीला आणखी साखर आणायला पाठवलं. “बाबा, तुम्ही आत कसे आलात?”

“चालत.”

“बाबा!”

“अगं, म्हणजे नेहमीसारखाच. तू चष्मा विसरलीस. तुझी आई म्हणाली, पोरगी आज दिवसभर आंधळी कोशिंबीर खेळत बसेल, देऊन या. बाहेरच्या फाटकाशी मी सांगितलं, लेकीचा चष्मा द्यायचाय. त्याने सलाम केला आणि म्हणाला, बाईंनी परत बोलावलं वाटतं? माझं ऐकून न घेताच फाटक उघडलं. पुढे सगळेच सलाम करत गेले. सलाम करणाऱ्याला थांबवून मला अडवा असं कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?”

“आणि चौकट?”

“वाजली की. चांगली खणखणीत वाजली. मिशीवाले म्हणाले, गुडघा.”

“पिशवीत काय आहे?”

“चष्मा. आणि सफरचंदं दिलीत आईने. तू कापून दिल्याशिवाय खात नाहीस म्हणून—”

त्यांनी रुमालाची गुंडाळी उलगडली. आत आमची सुरी होती. घरातली सगळ्यात धारदार. आईच्या कामाला धारदारच लागते.

मी चष्मा लावला. सगळं एकदम स्पष्ट दिसायला लागलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. माझी चौकट चुकली नव्हती. तिचं जे काम होतं ते तिने चोख केलं होतं, आत सुरी जातेय म्हणून ती जिवाच्या आकांताने ओरडली होती. तिच्या ओरडण्याचा अर्थ मात्र आता ‘गुडघा’ असा झाला होता, आणि तो अर्थ मीच लावून दिला होता.

“चला,” मी म्हणाले आणि त्यांचा दंड धरला.

मागचा जिना अरुंद होता. बाबा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते आणि मी त्यांच्यामागे पिशवी छातीशी धरून. खाली पोचेपर्यंत माझा हिशेब पुरा झाला होता. बाबा घरी जातील. संध्याकाळी बॅगांना कुलपं लावतील. सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडीन. बैठक संपली की मी मिशीवाल्याला बाजूला घेऊन नीट समजावीन. कुणाचंच काही बिघडत नाही.

जिन्याच्या तळाशी, मागच्या दारावर एक तरुण गार्ड होता. बाबांना पाहताच त्याने टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि दार उघडून धरलं. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी कोण, पिशवीत काय, आम्ही वेळेआधी बाहेर का निघालोय, कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला आठ नंबर दिसले होते.

मला आणखी आठ माणसं आठवली. व्यायामशाळेत शिकवणारा तीन नंबर, विम्याची कामं करणारा पाच नंबर, एक नंबरची ती हसरी शिक्षिका. ती सगळी माणसं चांगली होती. पण त्यांच्याबद्दल मला ठाऊक होतं ते एवढंच, की त्यांची उंची जुळली. आणि त्या सगळ्यांना ही सगळी दारं उघडी होती.

“बाबा, थांबा.”

“आता काय?”

“तुम्ही आत्ता बाहेर पडलात तर उद्या विमानात बसाल. मी वर जाऊन साहेबांना सांगितलं तर तुमचा पासपोर्ट ते ठेवून घेतील. किती दिवस, ते कुणाला माहीत.”

बाबांनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. ऊन पडलं होतं. “अगं, पण मी काय केलंय? चष्मा आणला.”

“तुम्ही काहीच केलं नाही. पण तुम्ही जसे आलात तसं कुणीही येईल. सुरी घेऊन. सफरचंदांशिवाय.”

“मग भोक बुजवा ना. माझं नाव कशाला?”

“नाव न सांगता कसं सांगू? कुणाला कसं सोडलं हे कळल्याशिवाय भोक दिसणार कसं?”

दार धरून उभा असलेला गार्ड अवघडायला लागला.

“ताई वाट बघत असेल,” ते म्हणाले.

“हो.”

“तू सांगणारच आहेस, नाही का?”

मी मान डोलावली.

“आईला कोण सांगणार?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगा.”

“मी? छे! त्यापेक्षा सरळ तुरुंगात टाका मला,” असं म्हणून ते वळले आणि जिना चढायला लागले. चढताना त्यांना उतरण्यापेक्षा जास्त त्रास होतो. मी हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही.

साहेब त्यांच्या खोलीत उभेच होते. बाबांना पाहून त्यांनी रीतीप्रमाणे हात पुढे केला.

“साहेब, हे माझे वडील,” मी म्हणाले.

“नमस्कार, नमस्कार. आज इकडे कुठे?”

“हे विश्रामकक्षात आठव्या खुर्चीवर बसले होते. पासाशिवाय. यांच्या पिशवीत सुरी होती.”

साहेबांचा हात बाबांच्या हातातच राहिला. सोडावा की घट्ट धरावा हे त्यांना ठरवता येईना.

“चौकट?” त्यांनी विचारलं. आवाज इतका खाली की मला ओठ वाचावे लागले.

“वाजली. गार्डना वाटलं गुडघा. तालमीत मीच सांगितलं होतं सोडा म्हणून. आणि फक्त हेच नाहीत साहेब. नऊच्या नऊ बदली असे आत येऊ शकतील. आपण इतक्या वेळा तालीम केली की गार्डना त्यांना सोडण्याचीच तालीम झाली.”

साहेबांनी एक शिवी दिली असावी. ती ऐकू आली नाही. मग ते बाबांकडे वळून म्हणाले, “काका, तुम्हाला तपास विभागाकडे द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “फक्त खुर्ची जरा उंच बघा. खाली बसलो की उठवत नाही.”

वेळ फार थोडा होता. शिष्टाचारबाईंना बोलावलं. काय झालं ते कळल्यावर त्या प्रथमच मुकाट बसल्या, पण तेवढ्यापुरत्याच. उपाय मी सुचवला, तो काही फार हुशारीचा नव्हता. ज्या गार्डनी तालमी पाहिल्या ते सगळे बाहेर न्यायचे, वाहनतळावर आणि मागच्या कुंपणाशी. तिथले गार्ड आतल्या दारांवर आणायचे. त्यांनी ना बाबांना पाहिलं होतं, ना तीन नंबरला.

“अहो, पण त्यांना कोण कुणाच्या मागून येणार ते ठाऊक नाही!” बाई कळवळल्या. “इतक्या दिवसांची माझी मेहनत—”

“त्यांना काहीच ठाऊक नाही, तेच हवंय,” साहेब म्हणाले.

मिशीवाला चौकटीपासून हलताना माझ्याजवळ थांबला. “मॅडम, मी तर तुमच्याच सांगण्यावरून...”

“हो. मी साहेबांना तसंच सांगितलंय.”

त्याने मिशी दाताखाली धरली आणि निघून गेला.

नवे गार्ड दारांवर उभे राहून दम घेतात न घेतात तोच बाहेरच्या फाटकावर गलका झाला. सूट घातलेला एक धिप्पाड माणूस वाहनतळावरून आणलेल्या नव्या गार्डशी हुज्जत घालत होता.

“अहो, मी तीन नंबर! आत विचारा कुणालाही! फक्त एक फोटो काढून येतो, बायकोला दाखवायचाय.”

“मला एक ते दहा सगळे नंबर येतात,” गार्ड म्हणाला. “पास दाखवा.”

“आठ नंबरवाले काका मघाशी गेले ते कसे मग? मी समोरून पाहिलं!”

त्याला फाटकाबाहेर फुटपाथवर बसवून ठेवलं. घुबडाने तो पडदा मला पुन्हा पुन्हा दाखवला. कॅमेरा पुसण्याबद्दल त्या दिवशी आणि नंतरही आम्ही दोघं बोललो नाही.

मग गाड्या आल्या. एकेक नेते आत आले. खरे आठ नंबर आतल्या दाराशी पोचले तेव्हा नव्या गार्डने हात आडवा घातला आणि विचारलं, “पास?” सगळा व्हरांडा थिजला. राष्ट्राध्यक्षांच्या मागची माणसं पुढे सरसावली. शिष्टाचारबाईंनी डोळे मिटून घेतले. राष्ट्राध्यक्षांना भाषा कळली नाही, पण आडवा हात कुठल्याही भाषेत कळतो. त्यांनी खिसे चाचपले, आतल्या खिशातून पास काढला आणि गार्डच्या समोर धरला. गार्डने तो उलटसुलट करून पाहिला, फोटो आणि तोंड ताडून घेतलं आणि मगच बाजूला झाला. माझ्या मते ते खरं तर बाबांएवढे उंच नव्हते.

बैठक सुरळीत पार पडली. जगाचं काय भलं झालं ते मला सांगता येणार नाही.

आईला मीच सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण ती बॅगेवर बसून राहिली. मग म्हणाली, “माझ्या चष्म्यासाठी कधी रस्ता ओलांडला नाही या माणसाने,” आणि बाबांचे कपडे एकेक करून बॅगेतून बाहेर काढायला लागली. सकाळी ती एकटी गेली. सरकत्या जिन्यापाशी कुणा अनोळखी बाईची बाही धरली, असं तिने नंतर सांगितलं.

मला लेखी समज मिळाली. साहेबांनी स्वतःच्या अहवालात स्वतःचीही चूक लिहिली, त्यामुळे त्यांची दुसरीकडे बदली झाली. मिशीवाला अजून वाहनतळावर आहे. तो मला ओळख देतो, पण हसत नाही.

बाबांची चौकशी लांबत गेली. तपास विभागात रोज हजर राहायचं, तेच ते पुन्हा सांगायचं. कुठल्या फाटकाने आलात, कुणी सलाम केला, कुठल्या हाताने. मी त्यांना सकाळी सोडायची आणि कामावरून परतताना घेऊन यायची. गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

बाळ झालं त्या दिवशीही ते तिथेच होते. आईचा व्हिडिओ कॉल मला आला. मी धावत आत गेले आणि फोनचा पडदा बाबांसमोर धरला. ताई दमलेली होती, पण हसत होती. तिच्या कुशीत एक लालबुंद, रागावलेला चेहरा. बाबांनी फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. चौकशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं, खुर्ची मागे सारली आणि बाबांच्या खांद्यावरून वाकून पाहायला लागला.

“बाबा, तुम्ही नव्हता,” ताई म्हणाली.

“नव्हतो,” बाबा म्हणाले. “त्रास झाला का गं फार?”

“थोडा. आईने हात धरला होता. सोडवायला दोन नर्स लागल्या.”

फोन संपला. अधिकारी फाइल मिटत म्हणाला, “आज पुरे, काका.”

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. मी विचारलं, “बाबा, रागावलात माझ्यावर?”

“हो,” ते म्हणाले. “रागावलोय. अजून थोडे दिवस रागावणार आहे.”

मग त्यांनी कठड्यावरचा हात काढला, माझा दंड धरला आणि पायऱ्या उतरायला सुरुवात केली.